टॉवर डोंगरावर, माणूस माजघरात

मागे एकदा ऐन पावसाळ्यात कुडपणला गेलो होतो. पोलादपूर तालुक्यातलं सह्याद्रीला चिकटलेलं हे गाव, भीमाची काठी धबधब्यामुळे आता बऱ्याच जणांना माहीत झालंय. घरी फोन लावायचा होता. ओटीवर नेटवर्कची एक दांडी, माजघरात तीही नाही. आजी म्हणाल्या, "आत कुठं लागतोय बाबा, त्या बांधावर जा." गेलो. भिजत बोललो.

टॉवर कुठे उभारायचा, हे ठरवताना घराच्या आतला माणूस कधी धरला होता का? गंमत अशी की, एकदा धरला होता. ३१ जुलै १९९५ला कोलकाता ते दिल्ली असा देशातला पहिला मोबाइल कॉल झाला. त्याच दशकात आयआयटी मद्रासमध्ये अशोक झुनझुनवाला आणि त्यांचे सहकारी 'कॉरडेक्ट' घडवत होते. फोन घरात, पण अँटेना छपरावर, टॉवरकडे तोंड करून. तिथून वायर खाली. मध्ये आडवं काही नसेल तर १० किलोमीटरपर्यंत चालायचं, आणि बोलता बोलता ३५ केबीपीएस इंटरनेटही.

मग मोबाइल स्वस्त झाला आणि अँटेना छपरावरून मुठीत आली. तिथे घरं हरली, असं माझं मत. भिंतीत १० डेसिबल गेले म्हणजे सिग्नलचा दहावा हिस्सा उरतो. जाड दगडी भिंत बरंच गिळते, आणि लोखंडी पत्रा तर लहरी परतच धाडतो. शिवाय टॉवर आणि घर यांच्यामध्ये डोंगराची सोंड आली की संपलंच. लांब पोचणारा, भिंतीतून त्यातल्या त्यात बरा जाणारा ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०१६च्या लिलावात कुणी घेतलाच नाही, इतकी किंमत ठेवली होती. तो विकला गेला २०२२ साली.

याच्या मधलं वर्ष २०२१. २२ जुलैला महाडमध्ये तळीये आणि आमच्या या पोलादपुरात केवनाळे, साखर सुतारवाडी इथे दरडी कोसळल्या. तशा पावसात फोनसाठी बांधावर जा, असं कुणाला सांगणार?

सप्टेंबर २०२३मध्ये जिओचं एअरफायबर आलं. त्यात काय असतं बघा: छपरावर टॉवरकडे तोंड केलेला डबा, तिथून वायर घरात. म्हणजे अँटेना परत छपरावर!

आजींच्या छपरावरून टॉवर दिसतो का, ते मात्र बघायचं राहिलं. त्या दिवशी समोरचा डोंगरही दिसत नव्हता.