बसवनगुडीचा पत्ता आणि नकाशांची स्पर्धा

बेंगळुरूमध्ये ‘तिसरा मेन, पाचवा क्रॉस’ एवढाच पत्ता हाती असेल तर शोधणाऱ्याची दिवसभराची पायपीट ठरलेली. कारण बहुतेक वसाहतींना आपापले मेन आणि आपापले क्रॉस आहेत. त्यापुढे ‘बसवनगुडी’ लिहिले की पत्ता जागेवर येतो. कन्नडमध्ये या नावाचा अर्थ बसवाचे, म्हणजे नंदीचे, देऊळ. १८९८ च्या प्लेगमुळे जुन्या पेठांतील माणसे बाहेर पडली आणि बसवनगुडी व मल्लेश्वरम या आखीव वसाहती भरू लागल्या. रुंद रस्ते, काटकोनातील छेद, नावांऐवजी क्रमांक अशी ही मांडणी आरोग्यासाठी उत्तम होती. सव्वाशे वर्षांनी संगणकाला मात्र तीच अवघड जाते. याच भागात ‘सर्व्हेयर स्ट्रीट’ नावाचा रस्ता असावा, हा योगायोग मोठा गमतीचा.

गूगल मॅप्स, मॅपल्स आणि ओला मॅप्स यांपैकी अचूक कोणते, हा वाद ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी मॅपल्सची शिफारस केल्यावर पुन्हा रंगला. अशा वेळी ‘स्वदेशी अ‍ॅप म्हणजे स्वदेशी उपग्रह’ असे समीकरण सहज मांडले जाते. ते चुकीचे आहे. फोनचे स्थान मुळात अ‍ॅप ठरवत नाही. फोनमधील चिप उपग्रहांचे संदेश ऐकून ते ठरवते आणि तेच उत्तर सगळ्या अ‍ॅपना मिळते. एकाच फोनवरील दोन अ‍ॅप दोन वेगळ्या गल्ल्यांत नेतात, तेव्हा फरक बहुधा जमिनीवरच्या माहितीत असतो. ही माहिती कोणी गोळा करावी, यावरून भारतात बराच संघर्ष झाला आहे.

मोजणीचे काम बेंगळुरूला नवे नाही. विल्यम लॅम्ब्टनने १८०० साली येथे प्रायोगिक आधाररेषा मोजली आणि १८०२ मध्ये मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंट येथून भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला. मद्रासहून त्रिकोणामागून त्रिकोण रचत तो पुन्हा बेंगळुरूला आला आणि १८०४ मध्ये सुमारे सात मैलांची नवी रेषा प्रत्यक्ष साखळीने मोजली गेली. गणिताने काढलेली लांबी आणि साखळीने मोजलेली लांबी यांत चार इंचांहूनही कमी तफावत निघाली! लॅम्ब्टनचा मृत्यू २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे झाला; त्याची कबर तेथेच आहे. त्या परंपरेतून तपशीलवार नकाशे आले, पण ते लष्करी आणि सरकारी कपाटांतच राहिले. स्वातंत्र्यानंतरही ही वृत्ती फारशी बदलली नाही.

राकेश आणि रश्मी वर्मा यांनी १९९५ मध्ये मॅपमायइंडियाची पायाभरणी केली, तेव्हा खाजगी कंपनीने रस्त्यारस्त्यावर माणसे पाठवून आपला नकाशा स्वतः तयार करणे हाच मार्ग होता. आजचे मॅपल्स याच कंपनीचे. गूगल मॅप्स २००५ मध्ये आले. भारतासाठी विकत घेण्याजोगी माहिती अपुरी होती. तेव्हा गूगलच्या बेंगळुरू कार्यालयातील ललितेश काट्रगड्डा आणि संजय जैन यांच्या प्रयत्नांतून २००८ मध्ये ‘मॅप मेकर’ निघाले. नागरिकांनीच आपला रस्ता रेखाटावा, ही त्यामागील कल्पना. २००९ च्या अखेरीस गूगलने भारतात रस्त्याच्या नावाऐवजी ठळक खुणा सांगून मार्गदर्शन सुरू केले. ‘गांधी बाजाराच्या अलीकडे, विद्यार्थी भवनाच्या समोर’ असाच पत्ता सांगणाऱ्या बसवनगुडीकरांना यात नवे काही वाटले नसेल.

राज्ययंत्रणा मात्र बिचकली. २०११ मध्ये बेंगळुरूत सुरू झालेले स्ट्रीट व्ह्यूचे छायाचित्रण पोलिसांनी काही आठवड्यांतच थांबवले. २०१३ मध्ये गूगलच्या ‘मॅपेथॉन’ स्पर्धेविरुद्ध सर्व्हे ऑफ इंडियाने तक्रार केली. कोंडी फुटली ती १५ फेब्रुवारी २०२१ च्या भूस्थानिक मार्गदर्शक सूचनांनी. भारतीय संस्थांसाठी पूर्वपरवानगीची अट गेली. एका मीटरहून सूक्ष्म माहिती आणि रस्त्यावरचे छायाचित्रण भारतीय कंपन्यांसाठीच राखले गेले. म्हणूनच २०२२ मध्ये स्ट्रीट व्ह्यू परतले ते मुंबईच्या जेनेसिस इंटरनॅशनल आणि टेक महिंद्र यांचे बोट धरून.

जुलै २०२४ मध्ये बेंगळुरूच्या ओलाने गूगलचा नकाशा सोडला. वर्षाला १०० कोटी रुपये वाचतील, असा कंपनीच्या प्रमुखांचा दावा होता. मॅपमायइंडियाने माहितीची नक्कल केल्याचा आरोप करत ओलाला नोटीस धाडली. ओलाने तो फेटाळला. त्याच महिन्यात गूगलने भारतातील व्यावसायिक दर १ ऑगस्टपासून ७० टक्क्यांपर्यंत उतरवले. सामान्य वापरकर्त्याला फुकट वाटणाऱ्या नकाशाची खरी किंमत त्या महिन्यात उघड्यावर आली.

उपग्रहांची कथा निराळी आणि अधिक खडतर. स्थाननिश्चिती म्हणजे वेळेची मोजणी : एका नॅनोसेकंदाची चूक म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर अंतर. ‘नाविक’चा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये गेला, पुढे आयात केलेली रुबिडियम घड्याळे बिघडत गेली. शिवाय पहिल्या पिढीतील उपग्रह एल-५ आणि एस या पट्ट्यांवर बोलत, तर बहुतेक फोन एल-१ ऐकत. २९ मे २०२३ रोजी गेलेल्या एनव्हीएस-०१ वर स्वदेशी अणुघड्याळही होते आणि एल-१ संदेशही. जानेवारी २०२५ मधील एनव्हीएस-०२ मात्र नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही. नाविक सशक्त झाल्यास त्याचा लाभ गूगल मॅप्सलाही तितकाच मिळेल, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

उपग्रहांनी मिळणारी उंची ही अक्षांश-रेखांशांपेक्षा ढोबळ असते. त्यामुळे नॅशनल कॉलेजजवळच्या उड्डाणपुलावर वाहन वर आहे की खाली, हे निव्वळ संदेशांवरून सांगणे कठीण. मॅपल्सची त्रिमितीय चौकचित्रे येथे खरोखर उपयोगी पडतात. उलट गर्दीच्या अंदाजात गूगल पुढे असणे स्वाभाविक आहे, कारण तो अंदाज रस्त्यावर सरकणाऱ्या फोनांच्या संख्येवर उभा असतो. निवांत क्रॉसवर तासाला चारच वाहने जात असतील, तर कमी वापरकर्त्यांच्या अ‍ॅपला तेथे काही दिसतच नाही.

पत्त्यासाठी आता टपाल खात्याने आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रासह घडवलेला दहा अक्षरांचा ‘डिजिपिन’ आला आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेला पिनकोड ही श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याची, संस्कृत कवीची देणगी. वेलणकरांचा ५६०००४ हा क्रमांक पत्राला बसवनगुडीच्या टपाल कार्यालयापर्यंत आणतो. डिजिपिन सुमारे चार मीटरच्या चौकोनापर्यंत, थेट उंबऱ्याशी.

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी नंदीच्या देवळाभोवती ‘कडलेकायी परिषे’, म्हणजे शेंगदाण्यांची जत्रा, भरते आणि बुल टेंपल रोड शेंगांच्या ढिगांनी व माणसांनी भरून जातो. पोलिसांची सूचना ज्या नकाशात वेळेवर पोहोचते, तो वाहनाला आधीच वळवतो. पायी चालणाऱ्यांच्या खिशांतले फोन मोजूनच अंदाज बांधणाऱ्या अ‍ॅपला मात्र ही वाहनांची कोंडी की रस्ताच बंद, हे आधी ओळखावे लागते.