मुक्त विश्वातील मुशाफिरी : भूमिकाप्रधान व्हिडिओ गेम कसा खेळावा?

कबड्डीच्या मैदानाला सीमारेषा असते, बुद्धिबळाला चौसष्ट घरे असतात. संगणकावरील बहुतेक खेळांनाही पहिला टप्पा, दुसरा टप्पा असा ठरलेला क्रम असतो. ‘ओपन वर्ल्ड रोल-प्लेइंग गेम’ या प्रकारात मात्र खेळाडूच्या हाती एक व्यक्तिरेखा सोपवली जाते आणि तिला डोंगर, नद्या, गावे, बाजार व पडके किल्ले असलेल्या विस्तीर्ण प्रदेशात मोकळे सोडले जाते. कोठे जायचे, कोणाशी बोलायचे, कोणते काम आधी हाती घ्यायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. मराठीत याला ‘मुक्त विश्वातील भूमिकाप्रधान खेळ’ म्हणता येईल.

या स्वातंत्र्यानेच नवखा खेळाडू गोंधळतो. पहिल्या काही तासांतच नकाशावर खुणांची गर्दी होते आणि कामांची यादी लांबत जाते. काही जण तेथेच कंटाळून खेळ सोडतात, तर काही जण यादीतील एकेक काम उरकत महिनोन् महिने घालवतात. या दोन टोकांमधली वाट कशी काढावी, याची ही ओळख.

कागद-पेन्सिलीपासून पडद्यापर्यंत

या प्रकाराचे मूळ १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या बैठ्या खेळात आहे. कागद, पेन्सिल, फासे आणि कल्पनाशक्ती एवढेच त्याचे भांडवल. रिचर्ड गॅरियट यांच्या ‘अल्टिमा’ने १९८१ मध्ये ही कल्पना संगणकावर रुजवली. पुढे ‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेने तिचा विस्तार केला. या मालिकेतील ‘डॅगरफॉल’चे (१९९६) अफाट जग बहुतांशी संगणकानेच सूत्रानुसार उभे केले होते. साहजिकच अनेक गावे एकमेकांसारखी झाली. २००२ च्या ‘मॉरोविंड’मध्ये निर्मात्यांनी त्याहून पुष्कळ लहान, पण हाताने घडवलेले बेट दिले. तेथील वळणे लक्षात राहू लागली. जगाच्या आकारापेक्षा ते किती ओळखीचे होऊ शकते, याला मोल आहे, हा धडा पुढच्या ‘स्कायरिम’ (२०११), ‘विचर ३’ (२०१५) आणि ‘एल्डन रिंग’ (२०२२) या गाजलेल्या खेळांतही दिसतो.

नकाशा डोळ्यांनी वाचावा

‘झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (२०१७) या जपानी खेळाचे दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी यांनी अंतरांचा अंदाज घेण्यासाठी खेळातील प्रदेशावर आपल्या क्योतो शहराचा नकाशा ठेवून पाहिला होता. परिचित दोन ठिकाणांमध्ये चालायला किती वेळ लागतो, वाटेत किती गोष्टी दिसतात, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच काल्पनिक भूमी नेमकी मापता येते, असा त्यामागचा विचार.

हाच प्रयोग कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यावर करून पाहण्यासारखा आहे. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या नद्यांचा हा सखल, उसाचा मुलूख. ऊस डोक्यावर गेला की रस्त्यावरून पलीकडचे काही दिसत नाही. मग दिशा सांगतात त्या कारखान्याची धुराडी, देवळांची शिखरे आणि पाण्याच्या टाक्या. राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या वडिलांच्या नावाने वसवलेल्या जयसिंगपुरात रस्ते आखीव आहेत; तेथे गल्लीचा क्रमांक पुरतो. पण तेथून शिरोळ, नृसिंहवाडी, कुरुंदवाड, सैनिक टाकळी असे करीत खिद्रापूरला जायचे, तर पूल, फाटा, वळण अशा खुणा मनात धराव्या लागतात.

चांगले मुक्त विश्व नेमके असेच रचलेले असते. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’च्या रचनेत टेकड्या अशा योजल्या आहेत की त्यांच्याआड पुढची गोष्ट अर्धवट दडावी आणि वळसा घालताच समोर यावी. ‘स्कायरिम’मध्ये रिव्हरवुड या पहिल्या गावातून वर पाहिले की डोंगरावरील प्राचीन समाधिस्थानाच्या कमानी दिसतात. म्हणून नव्या प्रदेशात शिरताच प्रथम उंचावर जावे, सभोवार पाहावे, लक्षात राहतील अशी तीन-चार ठिकाणे हेरावीत आणि मगच चालू लागावे.

बाण की विचारपूस?

‘मॉरोविंड’मध्ये मुक्कामाकडे बोट दाखवणारा बाण नव्हता. गावकरी तोंडी सांगत, ‘पुलावरून पुढे जा, मग नदी उजव्या हाताला ठेवा’ अशा धर्तीवर; ते खेळातल्या रोजनिशीत नोंदले जाई. खेळाडू चुकत असे, पण चुकता चुकता प्रदेश शिकत असे. २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’पासून होकायंत्रावर मुक्कामाची खूण दिसू लागली. सोय झाली, मात्र नजर पडद्याच्या कडेला खिळली. पुढे ‘एल्डन रिंग’ने अशी दिशादर्शक खूण अगदी मोजकी ठेवली. तेथे नकाशाचे तुकडेसुद्धा वाटेवरील शिलास्तंभांजवळ शोधावे लागतात.

बाण पूर्णपणे टाळण्याचे कारण नाही. पहिल्यांदा जाताना मात्र तो बंद ठेवावा किंवा त्याकडे दुर्लक्ष करावे. ‘फास्ट ट्रॅव्हल’ म्हणजे क्षणात दूरच्या ठिकाणी पोहोचण्याची सोयही परतीच्या प्रवासासाठी राखून ठेवावी. जी वाट पायी तुडवली नाही, ती लक्षात राहत नाही.

उपकथांची निवड

मुख्य कथानकाशेजारी शेकडो लहान कामे असतात. त्यांना ‘साइड क्वेस्ट’ म्हणतात. कोणती घ्यावीत? खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर याचे उत्तम उत्तर देते. या मंदिराच्या स्वर्गमंडपाला ४८ खांब आहेत आणि छताच्या जागी वर्तुळाकार मोकळे आकाश आहे. मंदिर शिवाचे, पण समोर नंदी नाही. पाहणाऱ्याच्या मनात प्रश्न उभा राहतोच. दक्षाच्या यज्ञाला निघालेल्या सतीबरोबर नंदी गेला आणि तो कृष्णेपलीकडे, आज कर्नाटकात असलेल्या यडूर येथे आहे, असे लोककथा सांगते. एका ठिकाणी पडलेल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या ठिकाणी, नदी ओलांडल्यावर मिळते.

खेळातील उत्तम उपकथा अशीच असते. ती प्रदेशाचा इतिहास उलगडते आणि एक जागा दुसरीशी जोडते. याउलट ‘दहा लांडगे मारून आणा’ छापाची कामे केवळ वेळ भरून काढतात. सुरुवातीला प्रत्येक गावातील एक-दोन कामे घ्यावीत, ती पूर्ण करावीत आणि उरलेली निःसंकोच सोडून द्यावीत.

पात्राची वाढ

प्रगतीचे नियम खेळागणिक बदलतात आणि ते पहिल्याच दिवशी समजून घेणे हिताचे. ‘स्कायरिम’मध्ये अठरा कौशल्ये आहेत आणि जे वापरावे ते वाढते. तलवार चालवणाऱ्याची तलवार सुधारते, धातुकाम करणाऱ्याचे धातुकाम. ‘विचर ३’मध्ये अनुभवाचे गुण प्रामुख्याने कामगिऱ्या पूर्ण केल्याने मिळतात, त्यामुळे वाटेत दिसेल त्या श्वापदाशी झुंजण्यात फारसा लाभ नाही. ‘एल्डन रिंग’मध्ये शत्रूला मारून मिळणारे ‘रून’ हेच चलन आणि तीच वाढीची सामग्री. मृत्यू आला की ते त्याच जागी सांडतात. तेथे पोहोचण्यापूर्वी पुन्हा मृत्यू आला, तर कायमचे जातात.

नवख्याने एक-दोन कौशल्यांवरच भर द्यावा. थोडे धनुष्य, थोडी जादू, थोडी ढाल असे केले की पात्र कशातच तरबेज होत नाही. सापडेल ती वस्तू गोळा करण्याचा मोहही आवरावा. ‘स्कायरिम’मध्ये ठरावीक वजनापलीकडे ओझे झाले की पात्राला धावता येत नाही. जेथे स्वतः नोंद साठवण्याची सोय आहे, तेथे मोठ्या निर्णयाआधी वेगळी नोंद ठेवावी.

माघार हीही प्रगती

‘एल्डन रिंग’च्या आरंभीच, मोकळ्या माळावर सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार गस्त घालताना दिसतो. नवा खेळाडू त्याच्याशी भिडतो आणि क्षणात मरतो. त्याला वळसा घालून पुढे जावे आणि बळ वाढल्यावर परत यावे, हे न बोलता शिकवण्यासाठीच तो तेथे उभा केल्यासारखा वाटतो.

नदीकाठच्या माणसाला हे सांगावे लागत नाही. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील नृसिंहवाडीत पाणी चढले की रोजची वाट बंद होते. पाणी दत्तपादुकांवरून वाहून दक्षिणेकडील दारातून बाहेर पडू लागले की भाविक दक्षिणद्वार सोहळ्याचे स्नान करतात. त्याच वेळी गावकरी पुढच्या चढत्या पाण्याची गणिते मांडत असतात. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत या तालुक्यातील अनेक गावांना पाण्याने वेढले. कोणता रस्ता आधी बुडतो, उंचवटा कोठे आहे, केव्हा निघायचे, या माहितीवर तेव्हा जीव आणि जनावरे अवलंबून होती. खेळात चूक झाली तर पुन्हा सुरुवात करता येते; पण भूमी वाचण्याची सवय दोन्हीकडे एकच आहे.

मराठी मुलखाच्या जवळ

‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’ (२०१७) या अमेरिकी साहसी खेळातील एक मोठा, मुक्तपणे हिंडता येणारा भाग पश्चिम घाटात घडतो. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२० मध्ये आणलेला ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ मुक्त विश्वाचा नाही, पण भारतीय पुराणकथांवर बेतलेला खेळ येथे घडवता येतो, हे त्याने दाखवले.

पालकांसाठी

पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ आणि असे कथाप्रधान खेळ यांत गल्लत करू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने बंदी घातली ती पैशांच्या ऑनलाइन खेळांवर. तरीही वेळेचा प्रश्न उरतोच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, अन्य कामांपेक्षा त्याला वरचे स्थान मिळणे आणि नुकसान होऊनही तो चालूच राहणे, ही त्याची लक्षणे. निदानासाठी ती साधारणपणे बारा महिने दिसावी लागतात.

या खेळांना स्वाभाविक शेवट नसतो, म्हणून तो खेळाडूने घालून घ्यावा. एका बैठकीत एकच काम किंवा एकच नवे ठिकाण, एवढा नेम पुरेसा आहे. ‘किती वेळ खेळलास?’ या प्रश्नाबरोबर ‘आज कोठे गेला होतास, वाट कशी सापडली?’ हेही मुलांना विचारावे. ज्याला ती वाट नकाशाविना सांगता येते, तो खेळात खरोखरच पुढे गेलेला असतो.