हिमनदीचा सुटलेला टेकू

बर्फाचे नाव काढले की सामान्यतः उत्तुंग पर्वतशिखर डोळ्यांपुढे उभे राहते. पश्चिम अंटार्क्टिकावरील प्रचंड हिमस्तराची बैठक मात्र निराळी आहे. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात चार्ल्स बेंटली व त्यांचे सहकारी त्या पांढऱ्या वाळवंटातून प्रवास करीत होते. बर्फात लहान स्फोट घडवून त्यांनी त्यांचे प्रतिध्वनी टिपले. तेव्हा त्या बर्फाखालचा खडक समुद्रसपाटीच्या कितीतरी खाली असल्याचे उघड झाले. काही ठिकाणी तो अडीच हजार मीटर खोल आहे.

असा हिमस्तर समुद्राकडे सरकत जातो आणि एका रेषेपाशी तळ सोडून पाण्यावर तरंगू लागतो. त्याचे सारे स्थैर्य या रेषेत आहे. १९७४ मध्ये योहानेस वीर्टमन यांनी तिचे गणित मांडले. खंडाच्या आतल्या बाजूला तळ उतरता असेल, तर मागे हटणारी रेषा अधिक खोल पाण्यात जाते. तेथे बर्फ अधिक जाड असतो, म्हणून तो अधिक वेगाने समुद्रात वाहतो आणि रेषा आणखी मागे हटते. सारांश, माघारच माघारीला जन्म देते. १९७८ मध्ये जॉन मर्सर यांनी कोळसा व तेल यांच्या ज्वलनाने तापणाऱ्या हवेशी या धोक्याची सांगड घातली.

परंतु पहिला धक्का कोण देतो? निसर्ग सरासरीने चालत नाही. समुद्र एखादे वर्ष उबदार, तर दुसरे थंड असतो. क्लाउस हासेलमान यांनी १९७६ मध्ये दाखविले की, हवामानातील असे क्षणिक, यदृच्छ हेलकावे साठत जाऊन हवामानात दीर्घकालीन बदल घडवितात. या विचाराचे हिमस्तरासाठी केवढे महत्त्व आहे, हे पाईन आयलंड हिमनदीच्या इतिहासावरून कळते.

ही हिमनदी पूर्वी समुद्रतळावरील एका कटकावर टेकलेली होती. २००९ मध्ये तरंगत्या बर्फाखाली पाठविलेल्या स्वयंचलित पाणबुडीला तो कटक आढळला. पुढे बर्फाला छिद्रे पाडून तळाचा गाळ वर काढण्यात आला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १९४५ च्या सुमारास कटकामागे समुद्राचे पाणी शिरले होते. त्याआधी, १९३९ ते १९४२ या काळात, प्रशांत महासागरात प्रबळ एल निन्यो अवतरला होता. तो ओसरला, उष्णतेचा जोर कमी झाला. हिमनदी मात्र पूर्वस्थानी परतली नाही. १९७० च्या सुमारास तिचा कटकावरील उरलासुरला टेकूही सुटला.

अलेक्झांडर रोबेल प्रभृतींनी अलीकडे केलेल्या गणिताचा आशयही हाच आहे. उतरत्या तळावर लहान हेलकाव्यांचा परिणाम वाढत जातो. त्यामुळे भावी हानीचा अंदाज अनिश्चित होतो, आणि ही अनिश्चितता अधिक हानीच्या बाजूला झुकलेली असते. म्हणूनच मुंबई, कोची वा कोलकाता येथे धक्के आणि बांध योजणाऱ्यांनी समुद्रवाढीचा केवळ मधला आकडा हाती धरून चालणार नाही. उष्णतेची लाट येते आणि जाते. तिने सोडविलेला टेकू ती जाताना पुन्हा बसवून जात नाही.