गाडीचा मेंदू

मुंबईत कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी कुरकुरली, की जालन्याचा मिस्त्री कान लावून ऐके आणि कार्बोरेटरचा स्क्रू जरासा फिरवी. काम भागे. १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या गाडीत किती पेट्रोल फवारायचे हे बॉशची इलेक्ट्रॉनिक पेटी ठरवू लागली. आपल्याकडे २००० साली धुराचे नियम कडक झाले, २०२० मध्ये बीएस-६ आले, आणि ही ‘ईसीएम’ पेटी गाडीगाडीत पोचली. ती बिघडली तर नवी नुसती बसवून चालत नाही. बऱ्याच गाड्यांत चावीशी आणि चेसिस नंबरशी तिची ओळख संगणकावरून करून द्यावी लागते. धूर घटला, चोरी अवघड झाली, हे चांगलेच. पण ती ओळख करून देण्याचे साधन गावच्या मिस्त्र्याकडेही हवे. नाहीतर त्याचा तयार कान काय कामाचा?