गुडघ्याच्या संयुक्त अस्थिबंध-इजा

गुडघ्याच्या चार प्रमुख अस्थिबंधांपैकी, म्हणजे लिगामेंटपैकी, दोन किंवा अधिक एकाच वेळी फाटणे. कबड्डीतील पकड, फुटबॉल आणि दुचाकीचे अपघात ही नेहमीची कारणे. बहुतेकदा पुढचा क्रूस-बंध (एसीएल) आणि आतल्या बाजूचा बंध (एमसीएल) ही जोडी फाटते. एमसीएलला रक्तपुरवठा चांगला असल्याने तो बिजागरीच्या ब्रेसमध्ये साधारण ६ आठवड्यांत बहुधा आपोआप भरून येतो. एसीएल क्वचितच सांधतो. म्हणून आधी सूज उतरू द्यावी, गुडघा पूर्ण सरळ होऊ द्यावा आणि मगच मांडीमागच्या स्नायूची कंडरा वापरून दुर्बिणीने नवा एसीएल बसवावा. घाई केली तर सांधा आखडतो. धावण्या-वळण्याचे खेळ सोडायला तयार असलेल्या अनेकांचे नुसत्या व्यायामानेही भागते. बाहेरच्या मागील कोपऱ्याची गंभीर इजा मात्र शक्यतो ३ आठवड्यांच्या आत शस्त्रक्रियेने दुरुस्त करावी लागते.

सांधाच निखळला असेल, तर गुडघ्यामागची धमनी फाटलेली असू शकते. पावलाची नाडी लागते एवढ्यावर निर्धास्त राहू नये. घोटा व दंड यांच्या रक्तदाबाचे गुणोत्तर ०.९ पेक्षा कमी भरल्यास रक्तवाहिन्यांची तातडीने तपासणी करतात. रक्तपुरवठा ६ ते ८ तासांत पूर्ववत झाला नाही, तर पाय कापावा लागण्याचा धोका फार वाढतो.