गोळीवरची रेघ

युरोपात जी गोळी एकाच मध्यवर्ती परवान्यावर सगळ्या सदस्य देशांत विकली जाते, तिच्यावर मधोमध रेघ असेल तर त्या रेघेचा अर्थ माहितीपत्रकात सांगावा लागतो. त्यासाठी ठरीव मजकूर आहे. गोळीचे दोन समान मात्रांत भाग करता येतात. किंवा रेघ गिळायला सोपे जावे म्हणून मोडण्यापुरती आहे, मात्रा निम्मी करण्यासाठी नाही. किंवा रेघ मोडण्यासाठी नाहीच. हा मजकूर ठरवणारी युरोपीय औषध संस्था, म्हणजे ईएमए, २०२० पासून अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडास या कचेऱ्यांच्या भागात आहे. दिसायला सारख्याच असलेल्या रेघेचे तीन अर्थ कसे झाले, हे समजायला औषध कुटण्या-मोडण्याच्या सवयीचा इतिहास पाहावा लागतो. ही सवय गोळीहून बरीच जुनी आहे.

अ‍ॅमस्टरडॅममध्ये १६३५ साली प्लेगची मोठी साथ आली. औषधविक्रेते एकाच नावाखाली वेगवेगळी मिश्रणे विकत होते. त्यांना आळा घालण्यासाठी डॉक्टर निकोलास टुल्प यांच्या पुढाकाराने १६३६ मध्ये शहराची औषधसंहिता निघाली. नेदरलँड्समधली ही पहिलीच. रेम्ब्रांटच्या प्रसिद्ध शवविच्छेदन-चित्रात हातात चिमटा घेऊन शिकवणारे ते हेच टुल्प. त्या काळात कुटणे हे विक्रेत्याचे काम होते आणि खलबत्ता हे त्याचे मुख्य हत्यार. पुढे डच औषधदुकानांच्या दारावर ‘गापर’ नावाचे लाकडी मुंडके लागू लागले. त्याचा जबडा सताड उघडा आणि जीभ बाहेर काढलेली असे. काहींच्या जिभेवर गोळीही कोरलेली दिसते. ही गोळी हाताने वळलेली, मळलेल्या पिठासारखी होती. ती मोडली, चावली किंवा पाण्यात कालवली तरी औषधात फरक पडत नसे.

याच शहरात १६७८ साली ‘होर्तुस मलबारिकुस’चा पहिला खंड छापला गेला. मलबारच्या वनस्पतींवरच्या या ग्रंथाला कोचीनमध्ये स्थायिक झालेल्या रंग भट, विनायक पंडित आणि आप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी साहाय्य केले होते. त्यांची कोकणीतली साक्ष नागरी लिपीत त्या खंडात छापलेली आहे. पाला ठेचणे, मूळ उगाळणे, साल कुटून काढा करणे हे या वैद्यांच्या आणि टुल्पच्या जगात समानच होते.

महाराष्ट्रात ही रीत विसाव्या शतकातही दवाखान्यांत टिकून राहिली. डॉक्टर तपासत आणि पडद्याआड कंपाउंडर खलात गोळ्या घोटून त्यांची पूड करी. मग कागदाच्या चौकोनी तुकड्यांवर ती अंदाजाने सारखी वाटून पुड्या बांधी. पातळ औषधाच्या बाटलीला कागदाची एक पट्टी चिकटवलेली असे. तिच्या कडेला कात्रीने पाडलेल्या खाचा एकेक मात्रा दाखवत. आजारी माणसाला मोजमाप समजावण्याची ही सोय गोळीवरच्या रेघेइतकीच साधी होती आणि तिच्याइतकीच ढोबळ. घरी लहान मुलाला गोळी दोन चमच्यांमध्ये चुरून मधातून चाटवणे हे त्याचेच घरगुती रूप. बाळगुटी सहाणेवर उगाळणाऱ्या घरांना त्यात वावगे वाटण्याचे कारण नव्हते.

दाबून केलेल्या गोळीचा जन्म मात्र औषधाच्या दुकानात झालेला नाही. इंग्रज चित्रकार आणि संशोधक विल्यम ब्रोकडन यांना चांगल्या पेन्सिली हव्या होत्या. ग्रॅफाइटची भुकटी साच्यात दाबून तिची घट्ट वडी करायची युक्ती त्यांना सापडली. १८४३ साली त्यांनी घेतलेल्या पेटंटमध्ये पेन्सिलीच्या शिशाबरोबर औषधी गोळ्यांचाही समावेश होता. बरोज वेलकम कंपनीने १८८४ मध्ये ‘टॅब्लॉइड’ हे नाव नोंदवले आणि यंत्राने केलेली, मात्रा आधीच ठरलेली गोळी जगभर पोचली. गोळी साच्यातून निघत असल्यामुळे साच्यालाच एक कड ठेवली की मधोमध खाच पडे. मात्र ती खाच अचूक निम्म्यावर तुटते का, हे तपासण्याचा नियम कित्येक दशके नव्हता.

दरम्यान गोळी बदलत गेली. हॅम्बर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पॉल उना यांनी १८८४ मध्ये गोळीला केराटिनचे वेष्टन दिले. ती जठरात न विरघळता आतड्यात विरघळावी, असा त्यांचा हेतू होता. १९५२ साली अमेरिकेत स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच कंपनीने ‘स्पॅन्स्यूल’ आणले. त्या कॅप्सूलमधल्या दाण्यांवर कमीअधिक जाडीचे थर होते, त्यामुळे औषध एकदम न सुटता काही तास हळूहळू सुटे. १९८९ मध्ये निफेडिपिन या रक्तदाबावरच्या औषधाची अशी गोळी आली की तिच्या कवचाला लेझरने पाडलेले बारीक भोक होते. पाणी आत शिरे, दाब वाढे आणि औषध त्या भोकातून बाहेर ढकलले जाई. रिकामे कवच शौचावाटे पडे, आणि ते पाहून गोळी विरघळलीच नाही अशी रुग्णांची समजूत होई. अशी गोळी कुटली तर दिवसभरासाठी ठेवलेली मात्रा एकाच वेळी रक्तात उतरते. रक्तदाबाच्या औषधात त्याने दाब धोकादायक खाली जातो, मॉर्फिनसारख्या औषधात श्वास मंदावतो. अमेरिकेत १९९६ मध्ये बाजारात आलेल्या ऑक्सिकॉन्टिन या अफूवर्गातल्या वेदनाशामक गोळीबाबत हेच ज्ञान उलट्या कामी आले. गोळी कुटू नका ही सूचना नशेखोरांसाठी वाटाड्या ठरली, आणि २०१० मध्ये कंपनीला सहज कुटता न येणारी गोळी आणावी लागली.

याचा अर्थ प्रत्येक वेष्टन महत्त्वाचे असते असे नाही. पुष्कळ गोळ्यांवरचा पापुद्रा केवळ चव झाकतो. काही ठिकाणी धोका गिळणाऱ्याला नसून मोडणाऱ्याला असतो. फिनास्टेराइड या पुरुषांसाठीच्या औषधाची फुटलेली गोळी गर्भवती स्त्रीने हाताळू नये, कारण पुरुष गर्भाच्या वाढीवर तिचा परिणाम होऊ शकतो. रंग, आकार किंवा रेघ पाहून यातले काहीही ओळखता येत नाही. सूचनांचा मजकूर वाढत गेला तो त्यामुळेच.

रेघेची परीक्षा युरोपीय औषधसंहितेत आली ती एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. तीस गोळ्या हाताने मोडायच्या, प्रत्येकीचा एकच तुकडा घ्यायचा आणि तीसही तुकडे वेगवेगळे तोलायचे. सरासरीच्या ८५ ते ११५ टक्क्यांबाहेर एकाहून अधिक तुकडे गेले किंवा एकही तुकडा ७५ ते १२५ टक्क्यांबाहेर गेला, तर गोळी नापास. या विषयात डच संशोधकांनी बरीच चिकाटी दाखवली. फान सांटेन, बारेंड्स आणि फ्रेइलिंक यांनी २००२ मध्ये रेघ असलेल्या गोळ्यांचा सविस्तर आढावा घेतला. जर्मनीत हायडेलबर्गच्या अभ्यासातून २००६ साली दिसले की बाह्यरुग्णांच्या औषधांपैकी सुमारे चौथा हिस्सा तोडून घेतला जातो.

नेदरलँड्समधल्या २०१४ सालच्या एका प्रयोगाची मांडणी तर मुद्दाम सोपी ठेवली होती. पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची गोल, सपाट, वेष्टन नसलेली गोळी निवडली आणि ती मोडायला चोवीस वर्षांचा धडधाकट विद्यार्थी बसवला. बाजारातली गोळी कापायची सहा प्रकारची साधने घेतली आणि जोडीला ब्लॉकर या डच भांडीकुंडी विकणाऱ्या दुकानाची स्वयंपाकाची सुरी. साधनांनी केलेले तुकडे अपेक्षित वजनाच्या ६० टक्क्यांपासून १३३ टक्क्यांपर्यंत निघाले. सगळ्या कसोट्यांना उतरले ते केवळ हाताने मोडलेले तुकडे. संधिवाताने आखडलेल्या बोटांसाठी विकली जाणारी साधनेच नेमकी अपुरी ठरली, हा या निष्कर्षाचा बोचरा भाग.

मुलांच्या बाबतीत मोडतोडीची किंमत अधिक होती. मुंबईच्या सिप्लाने २००१ मध्ये एचआयव्हीवरची तीन औषधे ‘ट्रायोम्यून’ या एका स्वस्त गोळीत आणली. मुलांसाठी वेगळे औषध नसल्याने आफ्रिकेतल्या दवाखान्यांत तीच गोळी अर्धी किंवा पाव करून दिली जाई. पण मुलांना त्या तिन्हींपैकी नेव्हिरापिन तुलनेने जास्त लागते, त्यामुळे अचूक अर्धी केली तरी मात्रांचे प्रमाण चुकत असे. पुढे सिप्लाने मुलांसाठी पाण्यात विरघळणाऱ्या छोट्या गोळ्या काढल्या. एचआयव्हीवरच्याच लोपिनाव्हिर या औषधाच्या गोळ्या कुटून दिल्यावर मुलांच्या शरीराला मिळणारे औषध सुमारे ४५ टक्क्यांनी घटते, हे २०११ मध्ये दिसून आले. युरोपात मुलांच्या औषधांचा कायदा जानेवारी २००७ मध्ये लागू झाला होताच. नव्या औषधाबरोबर मुलांसाठीच्या रूपाचा आराखडा ईएमएपुढे ठेवणे त्याने बंधनकारक केले.

ईएमए तेव्हा लंडनमध्ये होती. ब्रेक्झिटच्या कौलानंतर तिच्यासाठी नवे शहर शोधताना २० नोव्हेंबर २०१७ रोजी अ‍ॅमस्टरडॅम आणि मिलान यांना समान मते पडली आणि चिठ्ठी टाकून अ‍ॅमस्टरडॅम ठरले. मार्च २०१९ मध्ये कर्मचारी स्लोटरडाइकच्या तात्पुरत्या जागेत आले आणि जानेवारी २०२० मध्ये झुइडासमधल्या एकोणीस मजली इमारतीत. वृद्धांना औषध गिळता, मोडता आणि पाकिटातून काढता यावे, यासाठी गोळी कशी घडवावी याचे ईएमएचे टिपण २०२० चेच.

परवान्यासाठी ही संस्था तपासते ती मात्र प्रामुख्याने मध्यवर्ती परवान्याची औषधे. रोजच्या वापरातल्या जुन्या गोळ्यांचे परवाने बहुतांशी त्या त्या देशाकडे असतात; नेदरलँड्समध्ये ते काम उट्रेख्टचे औषध-मूल्यमापन मंडळ पाहते. झुइडासला खेटून असलेल्या आम्स्टलफेनमध्ये भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तिथल्या औषधदुकानातून गोळ्या खोक्यात, माहितीपत्रकासह मिळतात. भारतात बहुतेक वेळा हातात येते ती नुसती पट्टी. औषध हळूहळू सोडणाऱ्या गोळीची खूण त्या पट्टीवर नावाच्या शेवटी असते: एसआर, एक्सआर, सीआर. दुकानदाराने कात्रीने चार गोळ्या कापून दिल्या की ही अक्षरे आणि मुदतीची तारीख अनेकदा उरलेल्या पट्टीबरोबर दुकानातच राहते, आणि घरी गोळी मोडावी की नाही हे ठरवायला तिच्यावरच्या रेघेखेरीज काही उरत नाही.