जटा, जट आणि दारुणक : येरमाळ्याच्या यात्रेवरून एक विचार

धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यांत येरमाळा हें गांव असून तेथील डोंगरावरचें येडेश्वरी देवीचें स्थान सर्वश्रुत आहे. चैत्र पौर्णिमेच्या सुमारास येथें मोठी यात्रा भरते. देवीची पालखी आमराईंत येते व भाविक जन रानांतील चुनखडीचे खडे वेचतात. कवड्यांच्या माळा घातलेले, हातीं परडी घेतलेले आराधी या यात्रेंत हटकून दिसावयाचे. देवीस्थानांच्या अशा वाटांवर डोईस जट आलेल्या स्त्रियाही आढळतात. जट ही देवीची खूण होय, ती काढल्यास घरावर कोप होतो, ही समजूत महाराष्ट्रांत व कर्नाटकांत दूरवर पसरलेली आहे. तिला जुन्या ग्रंथांचा आधार कितपत आहे, एवढाच प्रश्न आम्हीं येथें विचारास घेतला आहे.

प्रथम शब्दांचा घोटाळा दूर केला पाहिजे. जटा ही तपस्व्यानें बुद्धिपुरस्सर धारण केलेली वस्तु आहे; जट ही विंचरण्याच्या व न्हाण्याच्या अभावीं आपोआप झालेली गुंतागुंत आहे. येडेश्वरीची आख्यायिका रामाच्या वनवासाशीं जोडलेली आहे. सीतेचें रूप घेऊन आलेल्या देवीस रामानें ओळखलें व ‘वेडी’ म्हटलें, त्यावरून येडाई हें नांव पडलें, असें सांगतात. या आख्यायिकेंतील राम जटाधारीच समजला पाहिजे. पण त्याच्या जटा आल्या कोठून? वाल्मीकीच्या अयोध्याकांडांत गंगातीरीं गुहानें वडाचा चीक आणून दिला व त्यानें राम-लक्ष्मणांनीं जटा वळल्या, असें स्पष्ट वर्णन आहे. पुढें युद्धकांडाच्या अखेरीस, राज्याभिषेकापूर्वीं त्या जटा सोडवून रामास स्नान घातल्याचाही उल्लेख आहे. म्हणजे ज्या कथेंत जटा हातांनीं केल्या, त्याच कथेंत त्या हातांनीं काढल्या आहेत. आणि त्या काढल्यानें कोणाचा कोप झाला नाहीं, उलट तो मंगल प्रसंग ठरला.

आतां वैद्यकाकडे वळूं. सुश्रुतानें निदानस्थानाच्या तेराव्या अध्यायांत क्षुद्ररोगांमध्यें दारुणक सांगितला आहे. केसांची भूमि कठीण व रूक्ष होते, तिला कंड सुटते व ती फुटते, असें त्याचें लक्षण असून कफ व वात हे त्याचे कारण मानिले आहेत. वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानांत डोक्याच्या कातडीच्या विकारांत त्याची गणना केली आहे. लक्षणांवरून आपण ज्यास कोंडा म्हणतों तोच हा विकार, असें मानण्यास प्रत्यवाय दिसत नाहीं. सुश्रुताच्या उपचारांत स्नेहन-स्वेदन, नस्य, शिरोबस्ति व अभ्यंग आहेतच. परंतु आमच्या मतें त्यांतील सर्वांत लक्षणीय भाग म्हणजे कोद्रूच्या काडाच्या क्षाराचें पाणी करून डोकें धुण्याची आज्ञा होय. क्षारानें तेलकट मळ सुटतो, हें कपडे धुणाऱ्या कोणासही ठाऊक आहे. तेल लावणें हा उपचाराचा अर्धा भाग, तें धुऊन काढणें हा दुसरा अर्धा. आजच्या वैद्यकानुसार कोंड्याचा संबंध मॅलॅसेझिया नांवाच्या सूक्ष्म बुरशीशीं असून ती कातडीवरील तेलकट स्रावावर वाढते. तेव्हां डोईवर तेल मुरवीत ठेवून न धुणें हें आजच्या दृष्टीनेंही अपायकारकच ठरतें.

याच प्रांताच्या निकट, कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर यानें सुमारें इ. स. 1129 मध्यें रचलेल्या मानसोल्लासांत स्नानभोग नांवाचें स्वतंत्र प्रकरण आहे. राजाचें अभ्यंग व स्नान यांचा विचार तेथें राजास शोभेल असा भोग म्हणून केला आहे. सामान्य घरांत याच गोष्टी शिकेकाई, रिठे, आवळकाठी व फणी यांनीं साधत. शिकेकाई व रिठे यांत पाण्यांत फेस आणणारें द्रव्य असतें व त्यानें मळ निघतो. दिवाळींतील अभ्यंगस्नान हा त्याच नित्याच्या शुद्धीचा सणाला लाभलेला मान होय.

हें नित्य कर्म सुटलें म्हणजे काय होतें, तेंही पाहिलें पाहिजे. गळालेले केस फणीनें निघत नाहींत, ते उभ्या केसांत अडकतात. तेल, घाम, धूळ व मृत त्वचा यांनीं गुंता चिकटून बसतो व कांहीं काळानें तो सोडवितां येत नाहीं. त्यांत उवा होतात, घाण सुटते, भारानें मान दुखते. पहिला गुंता दिसतांच देवीचें बोलावणें आलें असें समजून विंचरणें बंद केलें जातें, आणि समजूतच रोग वाढविते.

ही स्थिति आमच्याच देशापुरती नाहीं. पोलंड देशांत अशाच जटेस कोल्टुन म्हणत व ती कापल्यास अंधत्व किंवा वेड येईल, अशी धास्ती होती. युरोपांतील वैद्यांनीं तिला त्या देशाचें नांव देऊन रोगांत गणिलें. युझेफ डीट्ल हा वैद्य, जो 1866 ते 1874 पर्यंत क्राकाव नगराचा अध्यक्ष होता, त्यानें ही अस्वच्छतेची परिणति आहे असें प्रतिपादून तिच्याविरुद्ध मोहीम चालविली. महाराष्ट्रांतही अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशा स्त्रियांची समजूत घालून, त्यांच्या संमतीनें जट काढीत आले आहेत. संमतीचा हा भाग आम्हांस महत्त्वाचा वाटतो. कारण कातरीचें काम घटकेचें, मनांतील भयाचें काम दीर्घ असतें.

सारांश, ग्रंथांत जटा हें व्रत आहे व डोईचा मळ हा विकार आहे. त्या दोहोंची गांठ लोकांनीं घातली आहे. वाचकांच्या संग्रहीं वैद्यकाचीं बाडें व घरगुती औषधांच्या टिपणवह्या असतील, त्यांत दारुणक, खवडे, उवा व जट यांवर काय लिहिलें आहे, तें त्यांनीं पाहावें, व पाठ मिळतील ते स्थळकाळासह नोंदवून ठेवावे. जट काढल्यास कोप होतो असें एखाद्या बाडांत निघालें, तर तेंही तितक्याच प्रामाणिकपणें पुढें आणावें. जिच्या डोक्यावर हा भार वर्षानुवर्षें आहे, तिला ग्रंथांचा खरा निर्णय कळण्याचा अधिकार आहे.